मधल्या खोलीतला समुद्र

खोटं. डॉक्टर तसं काही म्हणालाच नव्हता, अण्णा. प्रवास झेपायचा नाही, दमट हवा छातीला वाईट, समुद्राचं नावसुद्धा काढू नका, हे सगळं तुम्ही त्याच्या तोंडी घातलंत. आणि आता कान चोळू नका. आईला जाऊन बारा वर्षं झाली, तुम्हाला जाऊन आठ, तरी मी तुमच्याशी भांडायला बसले की तुम्ही डाव्या हातानं कानाची पाळी चोळत भिंतीकडं बघताना दिसता आणि माझं पुढचं वाक्य घशातच राहतं. आज राहू देणार नाही. टांगा चार वाजता येणार आहे. तोवर हे घर माझं, चारनंतर दुसऱ्याचं. तुमच्यामागं मला वाढवणाऱ्या आत्यानं घर विकायचं सगळं ठरवून टाकलंय, मी फक्त किल्ली द्यायला आणि माझं म्हणून काही असेल ते उचलायला पुण्याहून आलेय. माझं म्हणून काय आहे इथं? मधल्या खोलीच्या फरशीवर हौदाच्या चार पायांचे गंजाचे चार डाग आहेत. ते काही उचलून नेता येत नाहीत.

हौदाची लोखंडी चौकट मात्र अजून आहे. परसात अक्कानं तिच्यावर घेवड्याचा वेल चढवलाय. अक्का आठवते ना, शेजारची, घरात नवऱ्याशी कानडी आणि गल्लीशी मराठी बोलणारी, मधल्या भिंतीवरून विस्तवापासून विरजणापर्यंत सगळं देणारी. म्हातारी झालीय, दात गेलेत, आवाज तेवढाच आहे. सकाळी मला बघून म्हणाली, "आलीस व्हय? मग घिऊन जा की गं तुझ्या बापाचा समुद्र. किती दिस राखायचा मी?" मी म्हटलं, "अक्का, त्यावर वेल आहे की." "वेल काय, चार शेंगा लागल्या की उपटते. लोखंड लई चांगलं हाय, न्हायतर कवाच फेकलं असतं." मग वेलाची पानं चाचपत म्हणाली, "येडा होता तुझा बाप. पण लई येडा नव्हता." हे तिनं तुमचं कौतुक केलं की काय केलं, मला समजलं नाही. तिथंच वेलाशेजारी बसून हे लिहायला घेतलं.

मी आता लिहिते, अण्णा. तुम्हाला माहीत नाही. कॉलेजात असल्यापासून लिहितेय आणि मासिकवाले माझ्या गोष्टी परत पाठवतात, कारण त्यांना सुरुवात नसते म्हणे, आणि शेवट कुठंतरी मधेच येऊन जातो. हौदाची गोष्ट मी तीनदा लिहिली. पहिल्यांदा सगळा दोष अक्कावर घातला. दुसऱ्यांदा आईवर. तिसऱ्या खेपेला हौदातल्या समुद्रघोड्यांनाच बोलायला लावलं, आणि वाटलं, आता काहीतरी नवं जमलं. वाचून बघितलं तर तिन्ही गोष्टींत मी नव्हतेच. दहा वर्षांची एक मुलगी त्या घरात राहत होती, हे मी तिन्ही वेळा वगळलं होतं. म्हणून आता गोष्ट नको. तुम्हालाच सांगते, पहिल्यापासून, तुम्हाला माहीत असलेलंसुद्धा.

आई बंदराच्या गावची. मुंबईच्या गिरणीत तुम्ही रंगकाम शिकत होता तेव्हा मामा तुमच्या खोलीत राहायचा, त्यातनं स्थळ जुळलं, आणि ओटीवर बसून भरती-ओहोटी बघणारी पोर तुम्ही इथल्या गिरणीत रंगमास्तर होऊन सोलापुरात आणलीत, जिथं वैशाखात कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसतात. तिनं तक्रार केलेली मला आठवत नाही. फक्त गिरणीचा भोंगा झाला की ती मान वर करायची. एकदा विचारलं तर म्हणाली, "आमच्याकडं बोट लागली की असाच वाजतो गो." मग तिला खोकला लागला, संध्याकाळचा ताप येऊ लागला, तिची खाट मधल्या खोलीत आली. आणि एक दिवस भात कालवता कालवता ती सहज म्हणाली, "एकदा समुद्र बघितला असता हो. कान भरून." हट्ट नव्हता तो. मीठ कमी पडलंय म्हणावं तसं म्हणाली. तुम्ही ताटावरून उठलात. दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलंत, डॉक्टर नको म्हणतो. आणि तिसऱ्या दिवशी सुतळी घेऊन मधली खोली मोजायला लागलात. चार दिवसांची रजा काढून तिला तिकडं नेणं सोपं होतं, का सोलापुरात समुद्र आणणं? हेच मी तुम्हाला विचारतेय, इतकी वर्षं.

गिरणीतल्या फिटरनं लोखंडी पट्ट्यांची चौकट करून दिली, माणूस आडवा झोपेल एवढी लांब. खाली शहाबादी फरशी, चारी बाजूंनी जाड काच, आणि सांध्यांत जवसाच्या तेलात खडू मळून केलेली लांबी. पहिल्या दिवशी पाणी भरलं आणि खालचा सांधा सुटला. पाणी मधल्या खोलीतून ओट्यावर, ओट्यावरून गल्लीत. तुम्ही धोतर खोचून पोत्यानं पाणी अडवताय, आणि आई खाटेवर पाय वर घेऊन बसून म्हणतेय, "भरती आली वाटतं. होडी आणू?" तीनदा लांबी खरवडलीत, तीनदा भरलीत. चौथ्यांदा पाणी राहिलं. मग तुम्ही मुंबईला गेलात. म्हणजे रजा मिळत होती तर, हे मी लक्षात ठेवलंय. मामा तेव्हा बोटीवर खलाशी झाला होता. त्यानं होडी खोल नेऊन स्वच्छ पाणी भरून दिलं, तुमच्या रंगखात्यातले तेजाबाचे रिकामे बुधले, सोड्यानं घासघासून धुतलेले, आठ. ते रेल्वेच्या मालाच्या डब्यात, आणि तुमच्या मांडीवर काचेची बरणी, तिच्यात चार समुद्रघोडे. "डब्यात एकानं विचारलं, मास्तर, लोणचं कशाचं हाय म्हणायचं?" तुम्ही आईला सांगत होता. "मी म्हटलं, घोड्याचं. त्यानं जागाच बदलली." गोष्ट सांगताना तुम्ही तिच्या तोंडाकडं बघत होता, ती कुठं हसते ते. मी दारात उभी होते.

आठ बुधल्यांतले दोन तुम्ही अडीअडचणीला म्हणून राखून ठेवलेत. सहांनी हौद निम्मासुद्धा भरला नाही. बाकीचं पाणी तुम्ही घरी केलंत, रंगाच्या कढईला माप लावावं तसं. मीठ, विलायती मीठ, चुन्याची निवळी, आणखी कसल्या कसल्या पुड्या. खारटपणा मोजायला गिरणीतली तरंगती काचनळी होती, पण तुमचा भरवसा जिभेवर. रंगाचं पाणीसुद्धा तुम्ही जिभेच्या टोकावर घेऊन थुंकायचात, त्यामुळं जीभ कधी निळी, कधी तांबडी. स्वयंपाकघरात चुलीपाशी दोन वाट्या, एकीत मामाचं पाणी, एकीत तुमचं. आईला धरून आणून पाटावर बसवायचं, तिच्या ओठांना चमचा लावायचा. "हे आमचं," ती म्हणायची. "हे तुमचं." लगेच ओळखायची. "कडू असतो हो समुद्र. पण असा नाय." तुम्ही परत पुड्या घेऊन बसायचात. किती दिवस चाललं कुणास ठाऊक. एका रविवारी तिनं चमचा चाटला, थांबली, परत मागितला. "हे आमचं," म्हणाली. ते तुमचं होतं. वाटी खाली ठेवलीत आणि चुलीत लाकूड सारायला लागलात. चुलीवर काहीच नव्हतं. मीही तोंड पुढं केलं, मलाही चाखायचं होतं. तुम्ही म्हणालात, "जा, हवा भर."

हवा भरणं हे माझं काम. मोटारीच्या चाकाची जुनी ट्यूब होती, तिला रबराची बारीक नळी, ती चिमट्यानं आवळून हौदाच्या तळाशी सोडलेली. सायकलच्या पंपानं ट्यूब फुगवायची की बराच वेळ पाण्यात बुडबुडे निघत राहायचे. त्या आवाजानं आईला झोप लागायची. तुम्ही गिरणीतून यायचात आणि वहाणा काढायच्या आत विचारायचात, "हवा भरली?" मी म्हणायचे, "भरली." झालं. तेवढंच आपलं बोलणं. त्यानंतर तुम्ही हौदापाशी, नाहीतर खाटेपाशी. त्या वर्षी तुम्ही मला नावानं हाक मारली होती का हो? मारली असेल. मला हाक म्हणून तेवढंच आठवतं. हवा भरली?

रोज कामावर जायच्या आधी तुम्ही मलमलीची जाळी घेऊन कंबर तलावावर जायचात, रविवारी जरा जास्त वेळ. साचलेल्या पाण्यातले वळवळणारे बारीक किडे गाळून आणायचे. घोडे दुसरं काही खात नसत, मेलेलं तर नाहीच. वाटेत लोक विचारायचे, "काय ओ मास्तर, डास पाळलेत व्हय?" बोटभर उंचीचे ते चौघं मान खाली घालून उभे असायचे, जसं काही गुरुजी रागावलेत. शेपटीनं काहीतरी धरल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही, म्हणून तुम्ही सुताच्या लड्या सोडल्यात हौदात, आधी तीनदा उकळून रंग सुटत नाही ना बघितलेल्या. तांबडी लडी धरून बसलेला एकजण हळूहळू स्वतःच तांबूस झाला. तुम्ही काचेला नाक लावून बसलात. "बघ की," आईला म्हणालात, "ना कढई, ना तुरटी. असा रंगारी मी बघितला न्हाय." त्याच सुमारास शाळेत बाईंनी समुद्रावर निबंध लिहायला सांगितला. मी लिहिलं, समुद्र माझ्या छातीएवढा उंच असतो, दुपारी त्यावर चादर घालावी लागते, नाहीतर शेवाळ धरतं. बाईंनी तो मोठ्यानं वाचला आणि वर्ग हसून लोळला. घरी आणून तुम्हाला दाखवला. तुम्ही चष्मा न लावताच वही परत दिलीत. "छान," म्हणालात.

मग त्या तांबूस घोड्याचं पोट फुगलं. जलोदर झाला म्हणालात, पाण्याचं माप परत तपासलंत, तुम्हाला जेवण जाईना. आई दोन दिवस तुमची धावपळ बघत होती. मग म्हणाली, "अहो, त्याला काय झालेलं नाय. दिवस गेलेत त्याला." "त्याला?" "त्यालाच. बाप्या आहे तो. ह्यांच्यात बाई अंडी देऊन मोकळी होते, पोटात वाढवायचं काम बाप्याचं. आमच्याकडं कुठल्या पण पोराला विचारा, सांगेल." तुमचा चेहरा असा झाला की तिला हसू आवरेना. हसता हसता खोकला, खोकता खोकता परत हसू. "बघा, शिका कायतरी," म्हणाली. त्या दिवसापासून तिला तोच ध्यास. "जिऱ्याएवढी असतात. मोजवत नाय इतकी. जन्मली की लगेच शेपटी कशाला तरी गुंडाळतात. कायच मिळालं नाय तर एकमेकांना." तेवढं बघायचंय म्हणायची. औषधानं जी उठून बसत नव्हती, ती उशीला टेकून हौदाकडं तोंड करून बसायला लागली.

आणि चंपाषष्ठी झाली, जवळच्या बाळे गावच्या खंडोबाची जत्रा करून अक्का आपल्याकडं आली. तोवर तिनं हौद नीट बघितलाच नव्हता, घरात मासे ठेवतात ह्याची तिला शिसारी होती. त्या दिवशी वाकून बघितलं आणि एकदम हात जोडले. "अगं बाई, ही तर कुदरी." कुदरी म्हणजे घोडा, तेवढं कानडी मला येत होतं. "मल्लय्याची कुदरी चालत आली की गं तुमच्या घरी. आणि तुमी तिला डास घालताय?" मल्लय्या म्हणजे तिचा खंडोबाच. मला ओट्यावर नेऊन तिनं जत्रेतला भंडारा माझ्या वाटीत ओतला, वाटीभर हळद, वर सुक्या खोबऱ्याचे तुकडे. खंडोबाच्या घोड्यावर भंडारा उधळतात, हे मला काय शिकवायला हवं होतं? "टाक आणि माग. माझ्या आईला बरं कर म्हणावं. लेकराचं ऐकतोय त्यो," म्हणाली आणि घरी गेली. रविवारची सकाळ. तुम्ही तलावावर. आई औषधानं झोपलेली. मी हौदापुढं उभी राहिले, डोळे मिटले, मागितलं, आणि वाटी उपडी केली.

देवळात भंडारा उडतो, अंगावर बसतो, झटकला की जातो. पाण्यात त्याचं तसं नसतं. पिवळा ढग हळूहळू खाली उतरला, खोबऱ्याचा तेलकट तवंग वर पसरला, आणि घोडे दिसेनासे झाले. निवळेल म्हणून मी हात घालून ढवळलं. आणखी पसरलं. तुम्ही जाळी घेऊन आलात तेव्हा मी तिथंच उभी होते, कोपरापर्यंत पिवळी. तुम्ही ओरडला नाहीत. पेल्यात थोडं पाणी घेतलंत, सोड्याची चिमूट टाकलीत. पाणी कुंकवासारखं लाल झालं. "हळद," म्हणालात, गिरणीत नमुना तपासावा तसं. मग माझ्या हातांकडं बघितलंत. फुगल्या पोटाचा घोडा ओंजळीत उचलून राखून ठेवलेल्या पाण्यात सोडलात. बाकीचे तिघं तोवर आडवे झाले होते. हौदावर चादर ओढलीत. मग मला उचलून घेतलंत. उचलून घ्यायचं वय नव्हतं माझं, माझे पाय तुमच्या गुडघ्यांवर आपटत होते.

मला वाटलं, आता मार. न्हाणीपाशी तुम्ही मला खाली ठेवलंत, मी साबणाला हात लावला तसं म्हणालात, "साबण नको. लाल होतील, मग तिला दिसतील." आणि शिडीनं माळवदावर नेलंत. "हात पसरून बस. उताणे. हळद कच्चा रंग हाय, उन्हाला टिकत न्हाय. दुपारपर्यंत उडंल." स्वतःही शेजारी बसलात, तसेच हात पसरून. तुमच्या नखांत नीळ, बोटांच्या पेरांत तांबडा, तळहातावर कसला तरी काळपट हिरवा. मी विचारलं, "तुमचे पण उडतील?" "माझे पक्के," तुम्ही म्हणालात. मार्गशीर्षातलं ऊन. खाली गल्लीत विणकरांनी ताणा पसरलाय, सुताला खळ लावता लावता दोघं तेलुगूत भांडताहेत. आणि तुम्ही बोलताय, माझ्याशी. पहिल्यांदा आईला बघायला गेलात तेव्हा ती गुडघाभर पाण्यात उभी राहून कुणाची तरी बकरी ओढून काढत होती. नवऱ्या मुलाकडं बघितलंसुद्धा नाही तिनं, म्हणाली, "उभे काय राहिलात, दोरी धरा." मी हसले. मग विचारलं, "मग तिला तिकडं का नाही नेलंत?" तुमचा डावा हात उठला, कानाशी गेला. "डॉक्टर नको म्हणाला." आणि मग, माझ्याशी नाही, हातांशी बोलल्यासारखं, "गेली तर तिकडचीच व्हायची ती." मला वाटलं, ती मरेल असं म्हणताय. उन्हानं तुम्ही डोळे मिटून घेतले होते. तसेच मिटल्या डोळ्यांनी विचारलंत, "काय मागितलंस देवाकडं?" मी म्हटलं, "आई बरी होऊ दे." तुम्ही मान हलवलीत. ऊन कलायला लागलं तेव्हा माझे हात माझ्या रंगाचे झाले. तुम्ही ते नाकाशी नेऊन वास घेतलात. "गेली," म्हणालात.

आईला तुम्ही सांगितलंत, मिठाचं माप माझं चुकलं, तिघं गेले. "आणि तो?" "त्याला गिरणीत नेलाय. तिथं पाणी गार असतंय. निवांत हाय तो." तो दुसऱ्या दिवशी सकाळीच मेला होता, पोट तसंच. परसात तुम्ही त्याला पुरलंत ते मी बघितलं, आज घेवड्याचं मूळ आहे तिथंच कुठंतरी. त्यानंतर रोज संध्याकाळी आई विचारायची आणि तुम्ही सांगायचात. आज पोट आणखी उतरलंय. आज लडी सोडत नाही. आणि एक दिवस, झाली. किती? मोजवत नाहीत. जिऱ्याएवढी? जिऱ्याहून बारीक, खसखशीहून मोठी. एकमेकांच्या शेपट्या धरून माळ केलीय. फिटर बघायला आला तर सगळी एका कडेला जाऊन उभी राहिली. एक लंगडा आहे. एकाला माझ्या हाताची नीळ लागली, निळाच झालाय. आई डोळे मिटून ऐकायची आणि विचारायची, "निळ्याचं काय?" तुम्ही रोज निळ्याचं काहीतरी नवं आणायचात. हौदात काही नव्हतं, नुसतं पाणी बदलून ठेवलेलं, तरी मी हवा भरायचे, तिला झोप लागावी म्हणून. दाराशी बसून निळ्याच्या गोष्टी ऐकायचे. मला लिहायला कुणी शिकवलं असं कुणी विचारलं तर काय सांगणार आहे मी?

फाल्गुनात एका दुपारी आई माझी वेणी सोडवत होती. म्हणाली, "तुझे अण्णा खोटं बोलताना कान चोळतात. लग्न झाल्यापासून बघतेय." मी वळून बघितलं. "सांगू नको हो त्यांना. निळ्याचं पुढं काय होतंय ते ऐकायचंय मला." पुढच्याच आठवड्यात ती गेली. मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. नंतर चार वर्षं आपण दोघंच होतो. तुम्ही निळ्या बोटांनी भाकरी थापायचात, मी प्रत्येक भाकरीत निळा डाग शोधायचे, कधी सापडला नाही. बोलणं परत तेवढंच झालं होतं, जेवलीस का, जेवले. मला तुमचा राग नव्हता तेव्हा. राग आला कॉलेजात. एक प्राध्यापक कान चोळत काहीतरी समजावून सांगत होते, आणि भर वर्गात माझा टाक वहीवर थांबला. माळवद आठवलं. तुमचा डावा हात आठवला, आणि तिकडचीच व्हायची म्हणजे परत यायची नाही, हे तेव्हा कळलं. मग वेणी सोडवताना आई म्हणाली ते आठवलं, म्हणजे तिलाही माहीत होतं. तुम्ही डॉक्टर नको म्हणतो म्हणालात, तेव्हाच तिनं तुमचा हात बघितला असणार. बघितला, आणि दोरी धरायला लावली नाही. मला आता वाटतं, त्या रविवारी चमचा चाटून "हे आमचं" म्हणाली, तेव्हाही तिला कळलं होतं कुठलं कुणाचं ते.

पुण्यात चार वर्षं होते. मैत्रिणी दोनदा मुंबईला समुद्र बघायला गेल्या, मी काहीतरी कारण सांगून राहिले. आज चाललेय. तिथल्या मुलींच्या शाळेत नोकरी लागलीय. मामा घ्यायला येणार आहे, त्यानं लिहिलंय, आधी समुद्रावर नेतो, मग खोलीवर. स्वयंपाकघरात मला तो चमचा सापडला. घेतलाय बरोबर. हसू नका. तुमचं पाणी कसं लागायचं ते तुम्ही मला कधी चाखू दिलं नाहीत, निदान तिचं तरी चाखून बघीन.

भांडायला म्हणून बसले होते आणि हे असं झालं. हे पाठवायचं कुठं ते तर नाहीच, पाकीटही आणलेलं नाही. पण एक राहिलं. तुम्ही आईला कोंडून ठेवलंत असं मी जे मनात म्हणत आले ना, ते म्हणायचा हक्क मला नाही. माळवदावर मी खोटं सांगितलं. वाटी उपडी करताना आई माझ्या मनातसुद्धा आली नव्हती. मी मागितलं होतं, अण्णांनी एक दिवस माझ्याकडं बघावं. तुमचे डोळे मिटलेले होते म्हणून तुम्हाला दिसलं नाही. माझा हात कुठं गेला ते मलाही कळलं नव्हतं. त्याच संध्याकाळी आईनं मला खाटेशी ओढलं, पदराचं टोक ओलं केलं आणि माझ्या डाव्या कानाची पाळी पुसली. पदर पिवळा झाला. हातांची हळद उन्हात उडाली होती, कानाची केसांखाली राहिली होती. तिनं तो पदर बघितला, मुडपून खोचला, आणि मला विचारलं, "हवा भरली?"

टांगा आला. घोडा फुरफुरतोय बाहेर, अक्का टांगेवाल्याशी आत्तापासूनच भांडायला लागलीय. नको, आता तुम्ही काही बोलू नका. मी कडी लावतेय.